केळी रोपांची बुकिंग वहीतून ऑनलाईन फॉर्मवर आणली, त्याचा अडीच महिन्यांचा अनुभव

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या पाच-सहा गावांचा मिळून आमचा केळीवाल्यांचा शेतकरी गट आहे, १४८ सभासद. मी त्यात हिशोब बघते, म्हणजे पावत्या, बँकेचं काम आणि दरवर्षीची टिश्यू रोपांची (प्रयोगशाळेत तयार केलेल्या केळीच्या रोपांची) बुकिंग. शिक्षण बी.कॉम., कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि थोडंफार एक्सेल. यंदा, म्हणजे २०२५ ला, ही सगळी बुकिंग ऑनलाईन फॉर्मवर आणली, पावती आपोआप निघते, गाडीची तारीख आपोआप भरते, आणि हे सगळं मी बाहेरच्या माणसाला पैसे न देता केलं. करताना खूप वेळा वाटलं की सोडून द्यावं, म्हणून सविस्तर लिहितेय, तुमच्या गटात, मंडळात, बचतगटात असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी हे का करावं लागलं ते सांगते. खान्देशात केळी लावायचे हंगाम ठरलेले, जून-जुलैची मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग, आणि जुन्या खोडाचं पील (बुडातून फुटलेला कोंब) धरून करतात ती पिलबाग. मृगबागेसाठी आम्ही सगळे मिळून एकाच नर्सरीकडून जी-नाईन या जातीची रोपं घेतो, एकत्र घेतली की दर थोडा बरा मिळतो. २०२४ पर्यंत बुकिंग माझ्या वहीत व्हायची, लोक फोन करायचे, मी स्वयंपाक करता करता ऐकायची आणि नंतर लिहायची. गेल्या वर्षी एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन सभासदांची माझ्याकडून अदलाबदल झाली. एका नानांची ३ हजार रोपं दुसऱ्यांच्या शेतात उतरली आणि नाना १९ दिवस थांबले, शेत तयार, ठिबक अंथरलेलं, पाऊस पडून गेलेला. ते मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर गटाच्या मिटिंगला यायचे बंद झाले. ते मला फार लागलं.

१४ एप्रिलला सुट्टी होती म्हणून सगळे मोकळे होते, त्या दिवशी मिटिंगमध्ये विषय काढला. जळगावच्या एकाला आधीच विचारून ठेवलं होतं, त्याने १८ हजार सांगितले आणि वर दरवर्षी ४ हजार. गटाला ते जड होतं. मग मी म्हटलं मला एक महिना द्या, मी गुगल फॉर्मवर करून बघते, नाही जमलं तर वही आहेच. ठराव लिहिला, सह्या झाल्या. हे ठरावाचं मुद्दाम सांगतेय, कारण पुढे पैशाचे आकडे, लोकांचे मोबाईल नंबर हे सगळं एका ऑनलाईन खात्यात जाणार असतं, ते कुणाच्या परवानगीने हे कागदावर पाहिजेच.

पहिला फॉर्म १६ एप्रिलला रात्री वीस मिनिटात झाला आणि मला वाटलं झालं की काम! २३ प्रश्न होते. नाव, गाव, शिवार, गट नंबर, किती एकर, अंतर किती, पाण्याचं साधन काय, मागच्या वर्षी काय होतं, सगळं. एकरावरून रोपं आपोआप काढायची असं डोक्यात होतं, ५ बाय ६ फुटावर लावली तर एकरी साधारण साडेचौदाशे बसतात, त्याने गुणायचं.

१९ तारखेला हा फॉर्म घेऊन आमच्या गल्लीतल्या आबांकडे गेले, वय ७१, ओट्यावर बसले होते. मोबाईल हातात दिला आणि म्हटलं आबा, भरून बघा, मी काहीच सांगणार नाही. आबांनी चष्मा लावला, चौथ्या प्रश्नाला थांबले, म्हणाले, "ताई, हाई काय शे वं? एकर काय विचारतेस, खोडं विचार ना." आणि खरंच की! आमच्याकडे केळीवाला कधी एकरात बोलतो का, कुणालाही विचारा यंदा किती लावली, तो सांगेल पाच हजार, आठ हजार. बांधाला किती सुटली, अंतर किती ठेवलं, मधे विहीर आहे, हे सगळं त्याने आधीच धरलेलं असतं. मी मात्र त्याला एकर विचारून मग गुणाकार करून चुकीचा आकडा काढणार होते. त्या एका दुपारी २३ चे ९ प्रश्न झाले. पाण्याचं साधन, मागच्या वर्षीचं पीक, हे मला कशाला पाहिजे होतं? फॉर्ममध्ये जागा आहे म्हणून विचारत होते. आता मी प्रत्येक प्रश्नाला हेच विचारते की याचं उत्तर आलं तर मी काय वेगळं करणार आहे, काही नाही असेल तर तो प्रश्न काढायचा.

आबांकडेच दुसरी गोष्ट कळली. मोबाईल नंबरला मी तपासणी लावली होती, फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबात ती सोय असते, की पहिला आकडा ६ ते ९ पैकी आणि एकूण १० आकडे. आबा बरोबर नंबर टाकत होते आणि फॉर्म लाल होत होता. पंधरा मिनिटं मला कळेना. त्यांच्या मोबाईलला मराठी कीबोर्ड, त्यातून आकडे देवनागरी उमटत होते आणि माझी तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखत होती. तुमचे लोक मराठी कीबोर्ड वापरत असतील तर हे शंभर टक्के होणार. त्या तपासणीच्या नियमात दोन्ही आकड्यांची रेंज टाकता येते, मग दोन्ही चालतं, आणि नंतर स्क्रिप्टमध्ये (शीटला जोडलेला कोड, त्याचं पुढे सांगते) देवनागरीचे इंग्रजी करून घ्यायचे. आणि चुकीचं भरलं तर दिसणारा मेसेज स्वतःच्या शब्दात लिहा, मी लिहिलं, "मोबाईल नंबर १० आकडी टाका, पुढे शून्य किंवा ९१ नको".

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. यंदा ३० एप्रिलला होती, नणंदा माहेरी आलेल्या, झोके, गौराई, पुरणपोळ्या, २८ पासून २ मे पर्यंत लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. खान्देशात आखाजीच्या आठवड्यात कुठलंही काम धरूच नका, ना तुम्ही कराल ना कुणी फोन उचलेल.

३ मे पासून खरी लढाई सुरू झाली. फॉर्मची उत्तरं गुगल शीटमध्ये जातात, तिथपर्यंत सोपं. पण गट नंबर बघितले तर कुणाच्या नावापुढे ५ फेब्रुवारी, कुणाच्या पुढे १२ जानेवारी! लोकांनी ५/२ असा पोटहिश्श्यासकट गट नंबर टाकला आणि शीटने त्याची तारीख केली. आम्ही नर्सरीच्या बिलावर गट नंबर टाकून घेतो, त्यामुळे हे चालणारच नव्हतं. मी गट नंबर आणि पोटहिस्सा असे दोन वेगळे प्रश्न केले, विषय संपला. अजून एक, उत्तरांच्या शेजारच्या रकान्यात मी ॲडव्हान्सचा गुणाकार लावून खालपर्यंत ओढला होता, नवीन उत्तर आलं की शीट मधे नवी ओळ घुसवते आणि तिथे फॉर्म्युला नसतोच. त्यासाठी ॲरे फॉर्म्युला म्हणून प्रकार आहे, तो सगळ्यात वर एकदाच लावायचा, मग खाली कितीही ओळी आल्या तरी तो धरतो.

पावती आपोआप निघायला ॲप्स स्क्रिप्ट लागते. शीटमध्येच एक्सटेन्शन्स मेनूत असते, फुकट आहे. मोबाईलवर ते जमलं नाही, मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप घेतला. कोड मी थोडा गुगलच्या माहितीपानांवरून, थोडा एआयला मराठीत विचारून, आणि अडलं की पुण्याच्या भाच्याला फोन करून लिहिला. पहिल्यांदा चालवायला गेले तर समोर मोठ्ठा इशारा आला की गुगलने हे ॲप तपासलेलं नाही. मी घाबरून लॅपटॉप बंद केला, लोकांच्या पैशाचं काम आणि खातं हॅक झालं तर? दोन दिवस तसंच ठेवलं. मग भाचा म्हणाला, "फुई, ते ॲप म्हणजे तूच लिहिलेला कोड आहे, तुझ्याच खात्यात चालणार, म्हणून ते विचारतंय." ॲडव्हान्स्ड वर दाबून पुढे जायचं असतं. पण हे नीट लक्षात ठेवा, कोड तुम्ही स्वतः लिहिलाय किंवा ओळीओळीने वाचलाय तरच पुढे जा. कुणी अनोळखी माणसाने पाठवलेल्या शीटला असा इशारा आला तर तिथेच थांबा.

परवानगी दिली, वरचं रन बटण दाबलं, लाल एरर. परत दाबलं, परत तीच. ७ मेची अख्खी संध्याकाळ त्यात गेली, लाईट जाऊन येऊन. कारण इतकं साधं होतं की सांगायला पाहिजे. हे फंक्शन, म्हणजे पावती काढणारा कोडाचा तुकडा, फॉर्म भरला की त्या उत्तराची माहिती घेऊन चालतं, आपण हाताने रन दाबलं की त्याच्याकडे उत्तरच नसतं, म्हणून ते अडतं. कोडात चूक नव्हतीच. तपासायचं तर फॉर्म खरोखर भरून पाठवायचा. आणि तेवढ्यानेही होत नाही, डावीकडे घड्याळाचं चिन्ह असतं तिथे जाऊन ट्रिगर लावावा लागतो की फॉर्म सबमिट झाला की हे फंक्शन चालव. मला वाटलं होतं फंक्शनला ठरावीक नाव दिलं की झालं, शीट उघडल्यावर किंवा बदलल्यावर चालणाऱ्या साध्या फंक्शनला तसं चालतं, फॉर्मला चालत नाही.

पावतीचं असं केलं की एका गुगल डॉकमध्ये आमच्या पावतीचा साचा टाईप केला, नाव, गाव, रोपं, रक्कम यांच्या जागी महिरपी कंसात खुणेचे शब्द ठेवले. स्क्रिप्ट त्याची कॉपी काढते, खुणेच्या जागी खरी माहिती टाकते, पीडीएफ करून फोल्डरमध्ये ठेवते. पहिली पीडीएफ उघडली तर आत नुसत्या खुणा, नाव नाही गाव नाही! पण डॉक उघडला तर त्यात सगळं बरोबर. म्हणजे बदल सेव्ह व्हायच्या आधीच पीडीएफ निघत होती. पीडीएफ काढायच्या आधी सेव्ह अँड क्लोज ही एक ओळ टाकायची, बास. या एका ओळीसाठी माझे दीड दिवस गेले. १० मे ला रात्री साडेअकराला पहिली बरोबर पावती निघाली, पावती क्रमांक १, मी ती नवऱ्याला उठवून दाखवली.

क्रमांकावरून सांगते, दोन माणसांनी एकाच क्षणी फॉर्म पाठवला तर दोघांना एकच नंबर जाऊ शकतो. गेल्या वर्षीच्या अनुभवाने मला याचीच धास्ती होती. लॉक सर्व्हिस नावाची सोय आहे, एकाचं काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला दारात उभं करते. ती पहिल्या दिवसापासून लावली.

आता खात्याचा घोळ. मी हे सगळं माझ्या स्वतःच्या जीमेलवर करत बसले होते. अध्यक्ष म्हणाले उद्या तुम्ही हे काम सोडलं तर गटाचं काय, आणि ते बरोबरच होतं. मग गटाच्या खात्यात न्यायचं ठरलं. त्या खात्याचा ओटीपी खजिनदारांच्या मोबाईलवर येतो आणि ते लग्नाला सुरतला. त्यांना फोन लावा, ते मंडपातून बाहेर येणार, ओटीपी सांगणार, तोवर वेळ संपलेली. १२ मे ला लॉगिन झालं. शीटची कॉपी काढली की तिला जोडलेला फॉर्म आणि स्क्रिप्ट दोन्ही सोबत येतात, खूप बरं वाटलं, पण पावत्या काही निघेनात. कॉपीसोबत ट्रिगर येत नाही! तो नव्या खात्यातून नव्याने लावायचा. म्हणून सुरुवातच संस्थेच्या खात्यात करा, आणि ओटीपीचा मोबाईल गावात असणाऱ्या माणसाचा ठेवा.

१४ आणि १५ मे ला नऊ जणांकडून भरून घेतला, त्यात तिघी बाया होत्या ज्या स्वतः शेती बघतात. ॲडव्हान्स रोपामागे ५ रुपये, तो यूपीआयने भरून त्याचा स्क्रीनशॉट फॉर्ममध्ये टाकायचा असं मी ठेवलं होतं. नऊ पैकी सहा जण तिथेच अडकले. फाईल अपलोडचा प्रश्न ठेवला की गुगल भरणाऱ्याला लॉगिन करायला लावतं, आणि आमच्या लोकांच्या मोबाईलला जीमेल असतं पण पासवर्ड मोबाईल दुकानदाराला माहीत. एक काकू म्हणाल्या, "माले नही समजत हाई, तू लिही घे." मग स्क्रीनशॉट काढून टाकला आणि त्याऐवजी यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, विचारला. तो बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवता येतो, उलट माझं काम सोपं झालं. रोख भरणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता, "पैसे कसे भरले" याचं उत्तर रोख असेल तर यूटीआरचा भाग येतच नाही, सरळ पुढच्या भागात जातो. हे उत्तरावरून रस्ता बदलणं एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाला किंवा ड्रॉपडाऊनला चालतं, अनेक टिक करायच्या प्रश्नाला चालत नाही.

आधार नंबर मी विचारला नाही. दोघातिघांनी सुचवलं होतं की एकदाच घेऊन ठेवा, पुढे कामाला येईल. रोपांच्या बुकिंगला आधार लागत नाही, आणि जे लागत नाही ते आपल्या ड्राईव्हमध्ये कशाला सांभाळायचं. वैयक्तिक माहितीबद्दलचा २०२३ चा कायदाही झालाय, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. फॉर्मच्या वरच दोन ओळी लिहिल्या की ही माहिती फक्त रोपांच्या बुकिंगसाठी आहे आणि गटाच्या तिघांनाच दिसते. सेटिंगमध्ये निकालाचा सारांश भरणाऱ्यांना दाखवायचं एक बटण असतं ते बंदच ठेवा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला दिसतं. आणि शीटची लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे तो बघेल" अशी मी चार दिवस ठेवली होती, ते भाच्याने पकडलं, त्याच रात्री बंद केलं.

२० मे ला फॉर्म सगळ्यांसाठी उघडला. ब्राउझरमधूनच क्यूआर कोड काढला, चोपड्यात सात प्रिंट काढून लॅमिनेशन केलं, ३६० रुपये, आणि कृषी केंद्र, दूध डेअरी, पतसंस्थेच्या भिंतीवर लावले. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक. पहिल्या दिवशी ४१ बुकिंग आल्या. दुपारपर्यंत मी नुसती शीटकडे बघत बसले होते, ओळी येताहेत, पावत्या पडताहेत. तीन वाजता थांबलं. बुकिंग येत होत्या पण पावती नाही. ३४ व्या बुकिंगपासून पुढे एकही पावती नाही. मी प्रत्येक बुकिंगला तिघांना मेल जाईल असं ठेवलं होतं, मला, खजिनदारांना आणि नर्सरीला. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. ३३ बुकिंगचे ९९ झाले, ३४ व्याला माझा गेला आणि पुढचा अडला, आणि मेलची ओळ कोडात पावतीच्या आधी होती म्हणून पावतीही अडली. आठ जणांच्या पावत्या रात्री बसून हाताने केल्या. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला, आधी नंबर, मग पावती, मेल सगळ्यात शेवटी, आणि मेल अडला तरी बाकीचं अडू नये अशी सोय केली. आणि तीन-तीन मेल बंद करून रोज संध्याकाळी सात वाजता एकच यादी जाईल असा वेळेचा ट्रिगर लावला. तो संध्याकाळी यायच्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातनंतर यायला लागला, कारण नव्या खात्यातल्या स्क्रिप्टची घड्याळाची सेटिंग अमेरिकेची होती, साडेबारा तास मागे. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन भारताची वेळ केली. शीटचीही वेगळी असते, दोन्ही बघा. आणि सातचा ट्रिगर म्हणजे सात ते आठच्या मधे कधीतरी, बरोबर सातला येत नाही. ट्रिगर अडला तर मेल येतो तो दिवसातून एकदा असतो, तो "लगेच कळवा" करून ठेवा, मी केला असता तर ३४ व्यालाच कळलं असतं.

पावती शेतकऱ्याला कशी पाठवायची हा प्रश्न होता, १४८ पैकी ईमेल बघणारे ३१ होते. एसएमएस पाठवायचा तर डीएलटीची (संस्थांना असे मेसेज पाठवायला लागते ती) नोंदणी, मेसेजचा नमुना मंजूर करून घ्या, तेवढा वेळ नव्हता. व्हॉट्सॲपचे आपोआप जाणारे मेसेज पैसे लागणारे. मग मधला मार्ग काढला, शीटमध्ये प्रत्येक नावापुढे व्हॉट्सॲपची क्लिक-टू-चॅट लिंक फॉर्म्युल्याने तयार केली, त्यात नंबर आणि मेसेज आधीच भरलेला, "नाना, तुमची ४००० रोपं नोंदवली, पावती क्र. अमुक, गाडी तमुक तारखेला", सोबत पीडीएफची लिंक. मी फक्त दाबायचं आणि पाठवायचं. रोज वीसेक मिनिटं जायची. पूर्ण आपोआप नाही हे, पण पाठवताना माझी एक नजर फिरायची आणि त्यात दोन चुका सापडल्या. मला हे असंच बरं वाटतं.

गाडीच्या तारखांचं सगळ्यात अवघड गेलं. दिवसाला १५ हजार रोपं उतरवून घेता येतील एवढीच आमची ताकद, म्हणून तारखेचा ड्रॉपडाऊन केला आणि एखाद्या तारखेचा आकडा भरला की स्क्रिप्ट ती तारीख यादीतून काढून टाकते. बाकी छान चाललं, पण १२ जूनची तारीख दोघांना गेली आणि १७ हजार झाले. एकाने फॉर्म सकाळी उघडून ठेवला होता, तेव्हा तारीख शिल्लक दिसत होती, भरला संध्याकाळी. उघडलेल्या फॉर्मला नंतरचा बदल कळत नाही. त्यामुळे सबमिट झाल्यावर परत मोजायचं, जास्त झालं तर पावतीवर "प्रतीक्षेत" छापायचं आणि मी फोन करायचा, असं केलं.

लोकांना आकडा बदलायचा असतो हेही मी धरलं नव्हतं. त्यासाठी उत्तर दुरुस्त करायची लिंक देता येते, ती दिली, तर दुरुस्त केलेल्यांच्या पावतीवर नाव गाव सगळं रिकामं आणि फक्त नवा आकडा. दुरुस्तीच्या वेळी स्क्रिप्टकडे फक्त बदललेली उत्तरं येतात. मग स्क्रिप्टला सांगितलं की आलेल्या माहितीवर जाऊ नको, शीटमधली त्याची पूर्ण ओळ वाच. आणि २ जूनला मीच एक चूक केली, "शिवार" च्या प्रश्नात शब्द बदलला, सुरू असलेल्या फॉर्ममध्ये, आणि स्क्रिप्ट जुन्या शब्दाने शोधत बसली, सहा पावत्या अडल्या. फॉर्म उघडल्यावर प्रश्नाच्या मथळ्याला हात लावायचा नाही, स्पेससुद्धा नाही, काही सांगायचं असेल तर खालच्या वर्णनात लिहा.

१० जूनला फॉर्म बंद केला. १३७ बुकिंग, त्यातल्या २९ मी किंवा मुलीने लोकांसमोर बसून त्यांच्या वतीने भरल्या. त्यांच्यासाठी आधीच गाव भरलेली लिंक करून ठेवली होती, फॉर्ममध्ये ती सोय आहे, वेळ वाचतो. वही मी बंद केली नाही, रोज रात्री त्या दिवसाच्या ओळी वहीत उतरवून घेते, आबांना आणि अजून काहींना वहीत नाव बघितल्याशिवाय चैन पडत नाही आणि त्यांचं काही चुकत नाही. एकूण खर्च म्हणाल तर ३६० चं लॅमिनेशन, दोन महिन्यांचं जादा नेट रिचार्ज ५९८, आणि जळगावच्या दोन चकरांचं एसटीचं भाडं. वेळ मात्र खूप गेला, रोजचे दोन-अडीच तास धरा.

सारख्या नावांसाठी मी फॉर्ममध्ये सभासद क्रमांक घेतला आहे, नाव त्यावरून शीट स्वतः शोधते, आणि पावतीवर नावाच्या खाली वडिलांचं नाव आणि शिवार ठळक छापलं जातं. पहिली गाडी ११ जूनला आली. १६ जूनला नानांच्या शेतावर ४ हजार रोपं उतरली, मी मुद्दाम गेले होते, पावती आणि मालाचं चलन दोन्ही हातात. नानांनी ट्रे मोजले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि मला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही. काल ५ जुलैला शेवटची गाडी उतरली. शनिवार होता म्हणून संध्याकाळी लगेच मिटिंग घेतली, नाना पुढच्या रांगेत बसले होते.

कांदेबागेच्या बुकिंगसाठी फॉर्मची कॉपी आज सकाळी काढून ठेवली आहे. ट्रिगर लावायचा बाकी आहे.